औषधाच्या कागदाचे पक्षी

ऑगस्ट २०१९. सांगली-कोल्हापूरला महापूर आलेला. आम्ही हडपसरच्या दहा-बारा जणी गाडीतळाजवळच्या एका हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी पिशव्या भरत बसलो होतो. तांदूळ, तूरडाळ, मेणबत्त्या, काडेपेट्या, सॅनिटरी नॅपकिन. संध्याकाळी टेम्पो निघायचा होता, त्यामुळे मान वर करायला सवड नव्हती. तेवढ्यात शेजारची चौथीतली मुलगी ओंजळभर कागदी पक्षी घेऊन आली. प्रत्येक पिशवीत एकेक टाका म्हणाली. खरं सांगते मैत्रिणींनो, मी तिच्यावर चक्क खेकसले. जिच्या घरात गुडघाभर चिखल झालाय, त्या बाईने कागदाचा पक्षी घेऊन करायचं काय?

माझ्या रागालाही कारण होतं. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. गावोगावच्या लोकांनी गाड्या भरभरून जुने कपडे पाठवले आणि त्यातले कितीतरी वापरलेच गेले नाहीत, नुसते ढीग पडून राहिले. आपल्याला द्यायला सोपं ते नव्हे, तर समोरच्याला हवं ते द्यायचं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं.

पोर हिरमुसून गेली. शाळेत बाईंनी सांगितलेल्या जपानी मुलीच्या गोष्टीवरून तिने ते पक्षी केले होते, हे नंतर कळलं. रात्री मनाला टोचणी लागली, म्हणून मी त्या मुलीविषयी मिळेल ते वाचलं. गोष्टीतली मुलगी वेगळी आणि खरी वेगळी. मला खरीच जास्त आपली वाटली.

सादाको सासाकी तिचं नाव. जन्म ७ जानेवारी १९४३, गाव हिरोशिमा. आपल्या सिंहगड रोडवरची जपानी बाग ज्या ओकायामावरून केली आहे, त्याच्या शेजारचाच हा मुलूख. वडिलांचं केस कापायचं दुकान. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा सादाको अडीच वर्षांची होती आणि त्यांचं घर तिथून जेमतेम पावणेदोन किलोमीटरवर. स्फोटाच्या धक्क्याने ती घराबाहेर फेकली गेली. पण आईने उचलून पाहिलं तर अंगावर साधी जखमही नाही! आई मुलांना घेऊन नदीकडे पळाली. वाटेत त्यांच्या अंगावर काळा पाऊस पडला. काजळी आणि किरणोत्सारी धूळ मिसळलेला. आजी मात्र काहीतरी आणायला घराकडे परत फिरली ती कायमचीच गेली. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं दगावली. सादाको वाचली, असंच सगळे धरून चालले होते.

पुढची नऊ वर्षं ती इतर मुलींसारखीच वाढली. पळण्यात पटाईत होती. सहावीत वर्गाच्या रिले शर्यतीत ती हवीच असायची. १९५४ च्या थंडीत तिला सर्दी झाली आणि मानेवर, कानामागे गाठी आल्या. जानेवारीत पायांवर जांभळे डाग उठले. फेब्रुवारीत डॉक्टरांनी निदान केलं, रक्ताचा कर्करोग. वर्षभर जगली तर खूप, असं वडिलांना सांगितलं. २१ फेब्रुवारी १९५५ ला ती रेडक्रॉसच्या दवाखान्यात दाखल झाली.

इथे मी जरा थांबते, कारण गोष्टीत हा भाग येतच नाही. वडील एका ओळखीच्या माणसाला जामीन राहिले होते. त्याचं कर्ज यांच्या डोक्यावर आलं आणि बस्तान हलवायची वेळ आली. त्यात हा दवाखाना. अणुबॉम्बने आजारी पडलेल्यांच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा कायदा जपानमध्ये झाला १९५७ साली. सादाकोसाठी दोन वर्षं उशिरा. घरात दुखणाईत असली की बाईला काय काय करावं लागतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आई कामं आटोपून दवाखान्यात धावायची. त्यातही तिने लेकीसाठी चेरीच्या फुलांच्या कापडाचा किमोनो शिवला.

आजाराचं नाव मुलीला सांगितलं नव्हतं. पण मुलींना कळत नाही असं कधी असतं का? तिने आपल्या रक्ततपासणीचे आकडे गुपचूप एका कागदावर उतरवून ठेवले होते. तो कागद तिच्या माघारी सापडला. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसले होते.

ऑगस्टमध्ये नागोया शहरातल्या हायस्कूलच्या मुलींनी दवाखान्यातल्या रुग्णांसाठी कागदी क्रौंचांच्या माळा पाठवल्या. हजार क्रौंच घडी घालून केले की मनातली इच्छा पूर्ण होते, अशी जपानी लोकांची जुनी समजूत. म्हणजे पहिले पक्षी सादाकोचे नव्हतेच! कुठल्या तरी लांबच्या, कधी न पाहिलेल्या मुलींचे होते. ते पाहून हिने हात लावला. कागद महाग, म्हणून औषधांच्या पुड्यांचे कागद जपून ठेवायची, इतर पेशंटना आलेल्या भेटवस्तूंची वेष्टनं मागून आणायची. खोलीतली दोन वर्षांनी मोठी मैत्रीणही घड्या घालायला बसायची. पुढे पुढे सादाको इतके बारीक पक्षी करू लागली की घडी घालायला सुई लागायची.

ती ६४४ वर थांबली आणि उरलेले मैत्रिणींनी पुरे केले, असं पुस्तकात आहे. ते १९७७ मध्ये एका अमेरिकन लेखिकेने लिहिलेलं. गोष्ट म्हणून छानच. पण घरचे आणि हिरोशिमाचं संग्रहालय सांगतात की तिचे हजार महिन्याभरातच पुरे झाले होते. बरं वाटलं नाही, तरी ती पुढचे करतच राहिली. मला विचाराल तर हीच हकिगत जास्त खरी आणि जास्त अवघड आहे. हजार झाल्यावर पुढचा पक्षी हातात घेताना तिच्या मनात काय असेल?

२५ ऑक्टोबर १९५५ च्या सकाळी घरचे सगळे भोवती असताना तिने चहा घातलेला भात मागितला. आपल्याकडे आजारी माणसाला मऊ भात देतात, तसं तिकडचं ते साधंसुधं खाणं. दोन घास खाल्ले, चांगला लागला म्हणाली आणि गेली. वय बारा.

वर्गातल्या मुलांना चैन पडेना. त्याच नोव्हेंबरात हिरोशिमात मुख्याध्यापकांचं देशभराचं संमेलन भरलं होतं. या मुलांनी दारात उभं राहून पत्रकं वाटली, की बॉम्बमुळे गेलेल्या सगळ्या मुलांसाठी एक स्मारक व्हावं. तीन हजारांहून जास्त शाळांतून पैसे आले. ५ मे १९५८ ला, तिकडच्या बालदिनी, स्मारक उभं राहिलं. वर हात उंचावलेली मुलगी आणि हातात क्रौंच. तिथे जगभरातून दरवर्षी साधारण एक कोटी पक्षी येतात. वजन दहा टनांच्या आसपास! जागा पुरत नाही म्हणून हल्ली त्या कागदाचा लगदा करून वह्या, पोस्टकार्डं बनवतात. तिने केलेल्या मूळ पक्ष्यांपैकी एक तिच्या भावाने न्यूयॉर्कला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या लोकांच्या स्मृतिकेंद्राला दिला.

खुद्द जपानमध्येही यावर दोन मतं आहेत बरं का. भूकंप, त्सुनामीनंतर छावण्यांत खोकेच्या खोके पक्षी येऊन पडतात, ते ठेवायचे कुठे, असं तिथले लोक विचारतात. तेव्हा माझं खेकसणं अगदीच चुकीचं नव्हतं.

तरी दुसऱ्या खेपेच्या आधी मी त्या पोरीच्या घरी गेले. तांदूळ, डाळ, नॅपकिन सगळं नेहमीसारखं भरलं आणि पिशवीचं तोंड बांधताना वर एकेक पक्षी ठेवला. जागा कितीशी लागते? मला स्वतःला तो अजून नीट जमत नाही, मान वाकडी येते. तिने माझे चार पक्षी बाजूला काढले आणि हे नका पाठवू, काकू म्हणाली.