क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म राँटगेन

विल्हेल्म राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी एका कापड-व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते तीन वर्षांचे असताना हे कुटुंब हॉलंडमध्ये राहावयास गेले. पुढे उट्रेख्ट येथील शाळेत एका सोबत्याने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. त्याचे नाव सांगण्यास राँटगेन यांनी नकार दिला, म्हणून शाळेने त्यांनाच काढून टाकले. दाखल्यावाचून विद्यापीठाचे दार बंद झाले. तथापि झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेने त्यांस १८६५ मध्ये प्रवेश दिला आणि १८६९ मध्ये त्यांनी त्याच नगरीत डॉक्टरेट संपादन केली. वुर्झबर्ग विद्यापीठाने पूर्वी याच उणिवेमुळे त्यांस अध्यापनाचा अधिकार नाकारला होता. त्याच विद्यापीठाने १८८८ मध्ये त्यांस पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून बोलाविले.

तेथेच ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून वीज खेळवीत असताना, जवळचा रासायनिक लेप दिलेला पडदा उजळलेला त्यांस दिसला. काही आठवडे त्यांनी एकाग्रतेने प्रयोग केले. २२ डिसेंबर रोजी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यात अस्थी व बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. हे किरण कसले हे अज्ञात, म्हणून त्यांस बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव मिळाले. तेच आपले क्ष-किरण होत.

या शोधाचे मोल आपल्या वडिवळे-कामशेतकडील मंडळींस निराळे सांगावयास नको. झाडावरून वा गडाच्या निसरड्या वाटेवरून पडलेल्या माणसाचा मणका मोडला, तर आतील मज्जारज्जूस धक्का पोहोचून पाय कायमचे लुळे पडण्याचे भय असते. क्ष-किरण चित्रावरून मोडीचे ठिकाण कळते. याच किरणांवर चालणाऱ्या, १९७१ मध्ये प्रथम रुग्णावर वापरलेल्या सीटी स्कॅनमुळे अस्थीचा तुकडा मज्जारज्जूच्या मार्गात कितपत घुसला आहे, हे दिसते. पट्टा व विश्रांती पुरेल की शस्त्रक्रिया हवी, हे ठरविताना या चित्रांचा मोठा आधार होतो. शस्त्रक्रिया चालू असताना सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर पाहून शल्यविशारद मण्यात स्क्रू बसवितात. तो रेसभर चुकीच्या दिशेने गेला, तरी अनर्थ ओढवू शकतो.

१९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक राँटगेन यांस मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठास दिली. शोधाचे पेटंटही घेतले नाही. तो सर्व मानवजातीचा आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच ही विद्या अल्पकाळात जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली. महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्यात त्यांची शिल्लक नाहीशी झाली आणि १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

एका कागदाने ज्यांची वाट अडविली, त्यांनी आपल्या हक्काचा कागद मात्र केला नाही. परीक्षेत मागे पडलेल्या मुलास टाकून बोलण्यापूर्वी आपल्या ज्ञातीतील पालकांनी हे चरित्र अवश्य आठवावे.