भारतात डॉल्फिन शो का होत नाहीत? एका नर्तकीने राज्यसभेत मांडलेल्या विधेयकापर्यंत ही गोष्ट जाते

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठावर नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. नामदेव महाराजांची एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव काठी घ्यायचं सोडून तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. का, तर बिचारा कोरडी भाकरी कशी खाणार?

गोष्ट सगळ्यांना आवडते. पण सगळेच काही नामदेव नसतात. मुक्या जनावराचं दुःख ज्याला दिसतच नाही, त्याचं काय करायचं? तिथे कायदा लागतो.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न संसदेत लावून धरला तो एका बाईंनी. त्यांची ओळख खरंतर नृत्यासाठी आहे. भरतनाट्यम म्हटलं की त्यांचं नाव येतंच. रुक्मिणीदेवी अरुंडेल.

आज तुम्हाला डॉल्फिन शो बघायचा असेल तर दुबई किंवा थायलंडचं तिकीट काढावं लागतं. भारतात तो बघायला मिळत नाही. त्यामागच्या कारणांमध्ये रुक्मिणीदेवींच्या कामाचाही वाटा आहे. तो कसा, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत लग्न झालं आणि मद्रासमध्ये खळबळ उडाली

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ चा, मदुराईचा. वडील नीलकंठ शास्त्री सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर होते. घर सनातनी ब्राह्मणाचं, पण वडील थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांकडे ओढले गेले. निवृत्तीनंतर ते कुटुंबाला घेऊन मद्रासच्या अड्यारमध्ये राहायला आले. सोसायटीचं मुख्यालय तिथेच होतं.

तिथे रुक्मिणी ॲनी बेझंट यांच्या सहवासात आल्या. सगळे धर्म, सगळी माणसं आणि सगळे जीव यांच्याकडे एकाच नजरेने बघायचं, हे संस्कार त्यांच्यावर तिथे झाले. शाकाहार घरातला होताच, आता त्यामागे विचारही आला.

१९२० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्याशी लग्न केलं. नवरा इंग्रज, वयाने पंचवीस वर्षांनी मोठा. हे लग्न झालं मुंबईत. मद्रासच्या समाजात यावरून प्रचंड टीका झाली. लोक काय म्हणतील याची सवय त्यांना इथूनच लागली असावी, कारण पुढे आयुष्यभर त्यांना हेच झेलावं लागलं.

नवऱ्यासोबत त्यांनी जग पाहिलं. १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियाला जाताना जहाजावर त्यांची ओळख जगप्रसिद्ध रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवा यांच्याशी झाली. रुक्मिणीदेवी बॅले शिकू लागल्या. पण तुमच्या देशातच मोठी नृत्यकला आहे, ती शोधा, असं पावलोवांनी त्यांना सुचवलं.

मग त्यांनी सादिर हे नृत्य पाहिलं. देवदासी समाजाने पिढ्यानपिढ्या जपलेली ही कला तेव्हा बदनाम ठरवली गेली होती. रुक्मिणीदेवी ती शिकल्या आणि १९३५ मध्ये थेट रंगमंचावर उभ्या राहिल्या. ब्राह्मण घरातली विवाहित बाई जाहीरपणे नाचते म्हणून पुन्हा गदारोळ झाला. १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था काढली. सादिर पुढे भरतनाट्यम म्हणून जगभर पोहोचलं, त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

यावर आक्षेपही आहेत आणि ते सांगायला हवेत. हे नृत्य प्रतिष्ठित करताना त्यातला शृंगार कमी केला गेला आणि ज्या देवदासींनी ते जपलं त्या बाजूला पडल्या, अशी टीका होते. थोर नर्तकी बालासरस्वती यांचाही शृंगाराच्या मुद्द्यावर त्यांच्याशी मतभेद होता.

नर्तकी खासदार झाल्या आणि बोलल्या जनावरांबद्दल

१९५२ मध्ये राज्यसभा अस्तित्वात आली. राष्ट्रपतींनी नेमलेल्या पहिल्या सदस्यांमध्ये रुक्मिणीदेवी होत्या. त्या कलेबद्दल बोलतील अशी अपेक्षा होती. पण त्यांनी खासगी विधेयक मांडलं ते प्राण्यांवरच्या क्रौर्याबद्दल.

तेव्हा देशात १८९० चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता. त्याचा आवाका छोटा होता. पाळलेला किंवा पकडलेला प्राणी, आणि तोही मुख्यतः रस्त्यावर, लोकांच्या नजरेसमोर मारला-झोडला गेला तर गुन्हा. बंद दाराआड काय चालतं, सर्कशीत वाघाला कसं शिकवतात, प्रयोगशाळेत माकडांचं काय होतं, याच्याशी त्या कायद्याला फारसं देणंघेणं नव्हतं.

रुक्मिणीदेवींचं म्हणणं सरळ होतं. वेदना माणसाला होते तशी प्राण्यालाही होते आणि ती थांबवणं हे सरकारचंही काम आहे.

१९५४ मध्ये राज्यसभेत यावर चर्चा झाली. खासगी सदस्याचं विधेयक मंजूर होणं ही तेव्हाही दुर्मिळ गोष्ट होती. पंतप्रधान नेहरूंनी त्यांच्या भूमिकेचं कौतुक केलं, पण विधेयक मागे घ्यायला सांगितलं. सरकार समिती नेमेल आणि स्वतःच कायदा आणेल, असं आश्वासन दिलं. रुक्मिणीदेवींनी विश्वास ठेवला आणि विधेयक मागे घेतलं.

अशी आश्वासनं बऱ्याचदा फाइलीत पडून राहतात. हे राहिलं नाही, कारण त्या मागे लागून राहिल्या. तरी सहा वर्षं गेली. शेवटी डिसेंबर १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला.

या कायद्यात असं काय होतं?

चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी, अशी व्याख्या केली. गाय-बैल-घोड्यापुरता विषय राहिला नाही.

दुसरी, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याची काळजी घेणं हे कर्तव्य ठरलं. आणि ज्या पिंजऱ्यात किंवा जागेत प्राण्याला नीट हालचालही करता येत नाही, तिथे त्याला ठेवणं हा गुन्हा झाला.

तिसरी, खेळ करून दाखवणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरण आलं. नोंदणीशिवाय असे खेळ करता येणार नाहीत आणि सरकार एखाद्या प्राण्याच्या खेळांवर पूर्ण बंदीही घालू शकतं, अशी तरतूद झाली.

चौथी, प्राण्यांसाठी सरकारी मंडळ आलं. १९६२ मध्ये भारतीय पशु कल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या अध्यक्ष झाल्या रुक्मिणीदेवी.

सगळं त्यांच्या मनासारखं झालं नाही. धर्माच्या रीतीनुसार केलेली प्राण्यांची हत्या या कायद्यात गुन्हा ठरत नाही. प्रयोगशाळेतले प्रयोगही बंद झाले नाहीत, त्यावर फक्त देखरेख आली. आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. हा आकडा १९६० चा आहे आणि तो तसाच राहिला. आज पन्नास रुपयांत दोन वडापावही कसेबसे येतात.

१९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं होतं. त्यांनी नकार दिला. कलाक्षेत्र आणि प्राण्यांचं काम हेच त्यांनी शेवटपर्यंत केलं. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर कायदा कामाला लागला

खेळ करणाऱ्या प्राण्यांची ती तरतूद बरीच वर्षं शांत होती. १९९० च्या दशकात सरकारने तिचा वापर करून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कशीतून वाघ-सिंह गायब झाले ते यामुळे. सर्कसवाले सुप्रीम कोर्टात गेले, पण २००१ मध्ये कोर्टाने बंदी कायम ठेवली.

२०११ मध्ये या यादीत बैलाचं नाव आलं आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींचा वाद पेटला. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती आणि जल्लीकट्टू बंद केले. पुढे महाराष्ट्राने याच कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. पुण्या-साताऱ्याच्या घाटात ज्यावरून एवढं रान उठलं, तो कायदा मुळात रुक्मिणीदेवींच्या आग्रहातून आलेला.

आणि मग डॉल्फिन

कलाक्षेत्र चेन्नईच्या तिरुवान्मियूर भागात आहे. तिथून समुद्रकाठाने महाबलीपुरमकडे रस्ता जातो. रुक्मिणीदेवी जाऊन बारा वर्षं झाली होती. १९९८ मध्ये याच महाबलीपुरमजवळच्या एका मनोरंजन पार्कमध्ये बल्गेरियातून डॉल्फिन आणले गेले. सहा महिन्यांच्या आत ते मेले.

असं का होतं? डॉल्फिन हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे. तो कळपात राहतो, दिवसाला कित्येक किलोमीटर पोहतो, खोल बुड्या मारतो. आवाज सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून आजूबाजूचं जग ओळखायचं, ही त्याची पद्धत. अशा प्राण्याला सिमेंटच्या टाकीत ठेवलं की चारी बाजूंना फक्त भिंत. वर संगीत, टाळ्या आणि क्लोरीनचं पाणी. खेळ केला तरच मासा मिळणार. आपल्याला तो हसताना दिसतो, पण त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. दुखत असलं तरी तो हसराच दिसतो.

तरीही पुढच्या काही वर्षांत देशात पुन्हा डॉल्फिन पार्कचे बेत आखले जाऊ लागले. कोची, दिल्लीचा परिसर आणि महाराष्ट्रातही त्याची चर्चा होती. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी भागात सी वर्ल्ड प्रकल्प करायचं सरकारने ठरवलं होतं. तिथल्या गावकऱ्यांचा मोठा विरोध होता तो जमिनीसाठी. आणि देशभरातल्या प्राणीप्रेमी संघटनांनी वेगळा मुद्दा लावून धरला, तो होता डॉल्फिनचा. पत्रं, निदर्शनं, सह्यांच्या मोहिमा झाल्या.

त्याच सुमारास पशु कल्याण मंडळानेही भूमिका घेतली की असे डॉल्फिन शो १९६० च्या कायद्यात बसत नाहीत. म्हणजे कायदा रुक्मिणीदेवींच्या प्रयत्नांतून आलेला आणि मंडळही त्यांनी उभं केलेलं.

१७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सगळ्या राज्यांना पत्रक पाठवलं. मनोरंजनासाठी डॉल्फिन पकडायचा, आयात करायचा किंवा त्याचा खेळ करायचा कुठलाही प्रस्ताव मंजूर करू नका. डॉल्फिनची बुद्धी पाहता त्यांना माणसासारखं व्यक्ती मानावं, असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे, याचीही त्यात दखल घेतली होती. वन्यजीव संरक्षण कायदा जोडीला होताच. सरकारी पत्रकात अशी भाषा येणं याची जगभर बातमी झाली.

मग विषय संपला का?

नाही. पहिली गोष्ट म्हणजे डॉल्फिन शोवरची ही बंदी पत्रकातून आलेली आहे, संसदेने वेगळा कायदा करून घातलेली नाही. एक पत्रक दुसऱ्या पत्रकाने बदलता येतं. आणि पन्नास रुपयांच्या दंडाने कुणीच घाबरत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. तारकर्ली, दापोली किंवा गोव्याला गेलो की आपण डॉल्फिन बघायला बोटीत बसतो. यात चूक काहीच नाही, उलट टाकीतल्या डॉल्फिनपेक्षा समुद्रातला डॉल्फिन बघणं कधीही चांगलं. स्थानिक लोकांचं पोटही त्यावर चालतं. पण अजून जवळ घ्या, रील नीट येत नाही, असं आपणच बोटवाल्याला म्हणतो. मग तीन-चार बोटी मिळून एका कळपाच्या मागे लागतात. लांबून, इंजिन हळू ठेवून बघितलं तर डॉल्फिनही राहतील आणि बोटवाल्याचा धंदाही.

आणि परदेशी सहलीच्या यादीत डॉल्फिन शो दिसला तर तो वगळा म्हणून टूरवाल्याला सांगता येतं. ते आपण सांगतो का, हा प्रश्न आहे.

रुक्मिणीदेवींनी कायदा आणण्यासाठी सहा वर्षं वाट बघितली. तो डॉल्फिनच्याही कामी आलेला बघायला त्या नव्हत्या.