फुलांच्या रंगांचे रसायन : प्रा. टी. आर. शेषाद्री

दिल्ली विद्यापीठातील सेंद्रिय रसायनशास्त्राचा इतिहास प्रा. तिरुवेंकट राजेंद्र शेषाद्री यांच्या नावावाचून सांगता येत नाही. त्यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९०० रोजी कावेरीकाठच्या कुळितलै गावी झाला. मद्रासमधील उच्च शिक्षणात त्यांना रामकृष्ण मिशनच्या विद्यार्थिगृहाचा आधार लाभला. प्रेसिडेन्सी कॉलेजात संशोधनाची गोडी लागली आणि १९२७ साली ते मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे दाखल झाले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन हेही रॉबिन्सन यांचेच शिष्य.

डॉक्टरेटनंतर शेषाद्री ऑस्ट्रियात ग्रात्स येथे फ्रिट्झ प्रेगल यांच्याकडे गेले. अवघ्या काही मिलिग्रॅम पदार्थाचे अचूक विश्लेषण करण्याची विद्या प्रेगल यांनी सिद्ध केली होती. शेषाद्रींच्या पुढील कार्याला हे शिक्षण फार उपयोगी पडले असावे. कारण टोपलीभर फुलांतून शुद्ध रंगद्रव्य हाती येते ते चिमूटभरच.

१९३० साली ते मायदेशी परतले. काही काळ कोईमतूरच्या कृषिसंस्थेत काम करून त्यांनी वॉल्टेअर येथे, नव्या आंध्र विद्यापीठात, रसायनशास्त्र विभागाची धुरा स्वीकारली. विद्यापीठ नवे, साधने तुटपुंजी. अशा वेळी त्यांनी निवडलेला विषय मोठा समर्पक होता. कापूस, अंबाडी, पळस यांची फुले आपल्या शेताबांधावर विपुल आहेत. त्यांच्यातील फ्लेव्होनॉइड वर्गातील रंगद्रव्ये वेगळी करून त्यांची रचना ठरविण्याचे काम त्यांनी आरंभिले. रंगपंचमीला ज्या पळसफुलांचा रंग आपण उडवितो, त्यांतील ब्युट्रिनची रचना त्यांच्याच प्रयोगशाळेत अभ्यासली गेली.

या द्रव्यांचा मूळ सांगाडा पंधरा कार्बन अणूंचा. भेद पडतो तो त्यावर हायड्रॉक्सिल गट किती आणि कोठे बसले आहेत यामुळे. वनस्पती आधी साधे संयुग घडविते आणि मग त्याच्या वलयात एकेक ऑक्सिजन जोडीत जाते, असा विचार शेषाद्रींनी मांडला व पर्सल्फेटच्या साहाय्याने तशीच क्रिया चंचुपात्रात करून दाखविली. चंचुपात्रात घडले म्हणून ते फुलातही तसेच घडते असे नव्हे, हे खरे. पण त्यातून अनेक दुर्मीळ संयुगे कृत्रिमरीत्या बनविण्याची वाट सापडली.

तेवढ्यात महायुद्ध आले. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले. विद्यापीठ गुंटूरला हलवावे लागले. जमविलेली प्रयोगशाळा मोडून परक्या जागी पुन्हा उभी करणे किती कष्टाचे, हे अध्यापकांना सांगायला नको. शेषाद्रींनी काम थांबू दिले नाही.

१९४९ साली कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून ते दिल्लीस आले. येथे त्यांनी उभारलेल्या विभागाला पुढे नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनशास्त्राचे प्रगत अध्ययन केंद्र म्हणून मान्यता मिळाली. १९६० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. १९६३ साली पद्मभूषण लाभले. हजारावर शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविणाऱ्यांची संख्या दीडशेच्या पुढे जाते आणि मला ती अधिक मोलाची वाटते. १९६५ साली निवृत्त झाल्यावरही सन्माननीय प्राध्यापक या नात्याने ते प्रयोगशाळेत येत राहिले. २७ सप्टेंबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.