बोट कुणाची, मशीन कुणाचं? वालचंद हिराचंद आणि कॅशबॅकचा जुना खेळ

मागच्या महिन्यात क्रांती चौकात चहा पीत उभा होतो, तेवढ्यात मालवणहून मावसभावाचा व्हॉट्सॲप कॉल आला. पर्यटकांना फिरवायला फायबरची बोट घ्यायची म्हणत होता. बोट त्याला आवडली होती. पण विक्रेत्याचं म्हणणं असं की मागचं आउटबोर्ड मशीन आम्ही देऊ तेच लावायचं. दुसऱ्या कंपनीचं हवं असेल तर डिस्काउंटही नाही आणि बोटीची वॉरंटीही नाही. भावाला आधीचं मशीन ठाऊक होतं, त्याचा मिस्त्री गावातच होता, पार्ट्स मिळत होते. तो मला विचारतो, "तू इंजिनिअर ना, हे काय लॉजिक आहे?"

आता मी सॉफ्टवेअरवाला, आणि आमच्या मराठवाड्यात बोट म्हणजे पैठणच्या नाथसागरात दिसते तेवढीच. पण लॉजिक ओळखीचं होतं. नवा फोन घेतला की काही ॲप्स आधीच टाकलेली असतात, काही तर काढताच येत नाहीत. बोटींच्या धंद्यात हे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झालं. ब्रन्सविक कंपनीने १९६१ मध्ये मर्क्युरी मशीन बनवणारी कंपनी घेतली आणि १९८६ मध्ये बेलायनर आणि सी रे हे दोन बोट कारखानेच विकत घेतले. मग त्या बोटींच्या मागे कुणाचं मशीन लागणार, हे सांगायला नको. इव्हिनरूड आणि जॉन्सन मशीन बनवणारी स्पर्धक कंपनी ओएमसी घाबरली, तिनेही धडाधड बोट कारखाने घेतले. २००० च्या डिसेंबरमध्ये ओएमसी दिवाळखोरीत गेली. इव्हिनरूडचं नाव दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि २०२० मध्ये ती मशीन बनणंच थांबलं. ज्यांच्या बोटीला ती होती, ते पार्ट्स शोधत बसले.

पण हे सगळं वाचताना मला सारखा आपला एक माणूस आठवत होता. या खेळाच्या दोन्ही बाजूंनी तो खेळला. वालचंद हिराचंद.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात जन्म. घराणं मूळचं गुजराती जैन, व्यापार-सावकारीचं. वालचंद कॉलेजात गेले पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. (हे वाचून खूश होऊ नका, पुढचं काम बघा.) घरच्या धंद्यात मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून भेटले, त्यांच्यासोबत भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. तिथून पूल, बोगदे, पाइपलाइन असं बांधकामाचं साम्राज्य उभं राहिलं. आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे एचसीसी, ही त्यांचीच, १९२६ ची.

समुद्राचा संबंध आला १९१९ मध्ये. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी पहिल्या महायुद्धात हॉस्पिटल शिप म्हणून दिलेली 'लॉयल्टी' नावाची बोट विकायला निघाली आहे, असं वालचंदांच्या कानावर आलं. नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांना गोळा करून त्यांनी ती घेतली. शिंद्यांची बोट म्हणून कंपनीचं नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस असतो, तो याच प्रवासामुळे. बोट स्वतः मात्र जुनी होती. चारच वर्षांत, १९२३ मध्ये, भंगारात गेली.

खरी अडचण बोटीची नव्हती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ब्रिटिश इंडिया कंपनीचं, म्हणजे लॉर्ड इंचकेपचं राज्य होतं. सिंदियाच्या बोटी रंगूनच्या तांदळाच्या वाहतुकीत उतरल्या तेव्हा इंचकेपने भाडं पाडलं. मोठी कंपनी तोटा सोसू शकते, नवी सोसू शकत नाही. फुकट डेटा देऊन बाकीच्यांना घाम फोडणारी कंपनी तुम्ही पाहिलीच असेल.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते दुसरं हत्यार, डिफर्ड रिबेट. व्यापारी आज माल पाठवतो, पूर्ण भाडं भरतो. त्यातली काही टक्के रक्कम परत मिळणार, पण लगेच नाही, काही महिन्यांनी. आणि तोपर्यंत एक जरी पोतं दुसऱ्या कंपनीच्या बोटीतून गेलं, तर साठलेला सगळा रिबेट बुडाला. म्हणजे कॅशबॅक तुमच्या वॉलेटमध्ये दिसतोय, पण दुसरं ॲप उघडलंत की शून्य! सिंदियाचं भाडं स्वस्त असलं तरी व्यापारी तिकडे जाताना दहादा विचार करायचा. त्याला कुणी बंदी केली नव्हती. फक्त निवड महाग करून ठेवली होती. ब्रन्सविकवर अमेरिकेत बोट कारखानदारांनी खटला भरला, त्यातली तक्रारही याच जातीची होती. जेवढी जास्त इंजिनं आमची घ्याल, तेवढं जास्त डिस्काउंट. १९९८ मध्ये ज्युरीने कारखानदारांच्या बाजूने कौल दिला, २००० मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. स्वस्तात देणं हा गुन्हा कधी होतो, हे ठरवणं कोर्टालाही सोपं गेलं नाही.

इंचकेपने शेवटी सिंदिया विकत घ्यायची तयारी दाखवली. काही भागीदार डळमळले होते, वालचंद नाही. १९२३ मध्ये विक्रीऐवजी दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाने ७५,००० टनांच्या वर जहाजं वाढवायची नाहीत, अशी अट होती. वालचंदांना तो करार जिवावरचा वाटला. मला वाटतं, तो केला म्हणूनच कंपनी जगली.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले. पुढची गोष्ट त्यांच्या चरित्रांत जरा घाईने उरकतात. तिशीच्या दशकाच्या शेवटी सिंदियाने बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी ताब्यात घेतली. मुंबई ते कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालवणारी हीच मोठी कंपनी. ज्याला कुणी गिळू पाहत होतं, तोच आता गिळत होता. स्वदेशी मालक आला हे खरंच, पण रत्नागिरीच्या धक्क्यावर बोचकं घेऊन उभ्या असलेल्या चाकरमान्याला एक पर्याय वाढला की कमी झाला, हा प्रश्न मला पडतोच.

वालचंद मात्र पुढे गेले होते. बोटी चालवायच्या तर बनवायच्याही आपणच, नाहीतर विकणारा ठरवेल ते घ्यावं लागणार. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी तिथे जपानी बॉम्ब पडले. तरी १४ मार्च १९४८ ला 'जलउषा' पाण्यात उतरली, नेहरू हजर होते. दरम्यान बंगळूरला विमानांचा कारखाना (आजची एचएएल) १९४० मध्ये, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी याच प्रीमियरच्या.

विमानाचा कारखाना युद्धातच सरकारने घेतला. गोदीचा मोठा हिस्साही १९५२ मध्ये सरकारकडे गेला आणि हिंदुस्थान शिपयार्ड झालं. वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी ते कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

मावसभावाला मी तीन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या: बोटीची आणि मशीनची किंमत वेगवेगळी, दुसरं मशीन लावलं तर बोटीच्या वॉरंटीतलं नेमकं काय जातं, आणि बोट कंपनी उद्या विकली गेली तर पार्ट्स कोण देणार. पहिल्या दोनचं उत्तर आलंय. तिसऱ्यावर विक्रेता अजून "वर विचारून सांगतो" म्हणतोय.