डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज

वाचनालयात हवी ती माहिती नाही म्हणून निराश होऊन परतणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहतो. माहिती बहुधा तेथेच असते. ती कोणत्या नावाखाली शोधावी हे मात्र त्यांस ठाऊक नसते. हीच अडचण एका वैद्यक-विद्यार्थ्याच्या जिव्हारी लागली, त्याचे हे चरित्र.

जॉन बिलिंग्ज यांचा जन्म १८३८ साली अमेरिकेतील इंडियाना संस्थानात झाला. १८६० साली पदवीसाठी त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रियेसंबंधी प्रबंध लिहिला. पूर्वी कोणते रोगी त्या शस्त्रक्रियेने वाचले व कोणते दगावले, हे धुंडाळण्यातच सुमारे सहा महिने गेले. सर्व काही छापलेले होते. परंतु असंख्य पुस्तकांत व मासिकांत विखुरलेले! रोग्याने तोवर वाट पाहावी काय?

यादवी युद्धात सैन्याचे शस्त्रवैद्य म्हणून काम केल्यावर, १८६५ साली वॉशिंग्टन येथील सर्जन-जनरलच्या कचेरीतील लहानसा ग्रंथसंग्रह त्यांच्या हाती आला. तीस वर्षांत तेथे लाखावर ग्रंथ झाले. तथापि ग्रंथ जमविण्यापेक्षा त्यांची सूची आम्हांस मोठी वाटते. नवी नियतकालिके ते घरी नेत आणि नोंदण्याजोग्या लेखांवर खुणा करीत. कारकून त्यांवरून कार्डे लिहीत. एकाच रोगास एक लेखक क्षय म्हणतो, दुसरा राजयक्ष्मा. नुसता शब्द धरून शोधणाऱ्यास अर्धेच लेख सापडावयाचे. म्हणून लेखकांच्या नावांबरोबर विषयांची शीर्षकेही योजून त्यांखाली लेख एकत्र केले. डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक निघाले. १८८० ते १८९५ पर्यंत ग्रंथालयाच्या सूचीचे १६ खंड प्रसिद्ध झाले.

पुढे न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे ते पहिले संचालक झाले. १९१३ साली ते वारले.

त्यांचे वॉशिंग्टनचे ग्रंथालयच आज अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय होय. १९६० साली त्याने विषयशीर्षकांची नवी यादी काढली; १९६४ पासून संगणक कामास लागला. आता ‘पबमेड’मध्ये ‘हार्ट अटॅक’ असे इंग्रजीत लिहिले, तरी यंत्र ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शीर्षकाखालील लेखही पुढे ठेवते. मात्र अगदी नव्या लेखांस कधी कधी शीर्षक लागलेले नसते. तेथे लेखकाने कोणता शब्द वापरला असेल, ह्याचा तर्क शोधणाऱ्यासच करावा लागतो.