हॉटेलने खोली नाकारली आणि हा क्रिकेटपटू थेट कोर्टात गेला

30 जुलै 1943. वेस्ट इंडीजचे अष्टपैलू क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन पत्नी आणि मुलीला घेऊन लंडनच्या इंपीरियल हॉटेलात पोहोचले. लॉर्ड्सवर सामना होता. चार रात्रींचं बुकिंग झालेलं होतं, आणि कातडीच्या रंगामुळे अडचण येणार नाही याची खात्रीही आधीच करून घेतलेली होती. तरी काउंटरवर त्यांना सांगण्यात आलं, की एकच रात्र राहता येईल. कारण काय, तर तिथे उतरलेल्या गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांना काळी माणसं शेजारी नको होती.

त्रिनिदादमध्ये 1901 साली जन्मलेल्या कॉन्स्टंटाइन यांचे पूर्वज गुलाम होते. ते स्वतः 18 कसोटी खेळले, लँकेशायरमधल्या नेल्सन क्लबने त्यांना डोक्यावर घेतलं. युद्धकाळात तर ते ब्रिटिश सरकारच्याच कामगार मंत्रालयात अधिकारी होते. पण हॉटेलच्या दारात यातलं काहीच कामाला आलं नाही.

त्या रात्री ते दुसऱ्या हॉटेलात गेले, पण गप्प बसले नाहीत. त्यांनी दावा ठोकला.

गंमत म्हणजे वर्णभेदाविरुद्ध तेव्हा ब्रिटनमध्ये कायदाच नव्हता. आधार मिळाला तो शतकानुशतकं चालत आलेल्या एका नियमाचा: प्रवाशांना उतरवून घेणाऱ्याने वाजवी कारणाशिवाय कुणालाही परत पाठवायचं नाही. मालकी खासगी असली तरी! तुमचं आर्थिक नुकसान कुठे झालं, असा हॉटेलचा बचाव होता. न्यायमूर्ती बर्केट यांनी तो मानला नाही. हक्क डावलला हेच पुरेसं आहे, असा निकाल त्यांनी 1944 मध्ये दिला. भरपाई मात्र 5 गिनी, म्हणजे जेमतेम सव्वापाच पौंड.

शिवाय हा नियम फक्त प्रवाशांना उतरवणाऱ्या हॉटेलांपुरता होता. नाचाचा हॉल किंवा भाड्याची खोली रंग बघून नाकारायला मालक मोकळेच होते. कॉन्स्टंटाइन पुढे बॅरिस्टर झाले, त्रिनिदादचे मंत्री आणि नंतर लंडनमधले उच्चायुक्त झाले. 1963 मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या कामगारांना नोकरी नाकारली, तेव्हा उच्चायुक्तपदावर असूनही ते उघडपणे आंदोलकांच्या बाजूने उभे राहिले.

अखेर 1965 मध्ये कायदा आला. त्यात हॉटेलं, उपाहारगृहं, थिएटरं आली, पण घरं आणि नोकऱ्या यायला 1968 उजाडलं. 1969 मध्ये कॉन्स्टंटाइन हाउस ऑफ लॉर्ड्सचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1 जुलै 1971 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.