डोंगर मोजणारा माणूस

मुलांनो, तुम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा नकाशा पाहिला असेल. तो पुन्हा एकदा नीट पाहा. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कोयना कराडला कृष्णेला मिळते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते. नद्या, ओढे, डोंगररांगा, सारे जागच्या जागी आहे. पण दाट रानात आणि उंच कड्यांवर जाऊन हे कोणी मोजले? भारतात अशा अचूक मोजणीचा पाया विल्यम लॅम्बटन यांनी घातला.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात एका साध्या घरात झाला. ते सैन्यात अधिकारी होते. पण त्यांना गणिताची फार गोडी होती. १८०२ साली त्यांनी मद्रासजवळ साखळीने सुमारे साडेसात मैल लांबीची सरळ रेषा मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू हिशेबाने काढता येतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचता येतात. असे त्रिकोण रचत ते पुढे निघाले.

कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना त्याचा दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळून वाकले. आता सगळे काम बंद पडणार, असे वाटले. परंतु लॅम्बटन खचले नाहीत. त्यांनी ते यंत्र सुटे केले, कित्येक आठवडे खपून स्वतः दुरुस्त केले आणि पुन्हा मोजणी सुरू केली.

हे काम सोपे नव्हते. रानातल्या तापाने कितीतरी भारतीय मजूर आणि खलाशी दगावले. नकाशावर त्यांची नावे नाहीत. पण त्यांच्या खांद्यांवरूनच ते यंत्र डोंगर चढले.

२० जानेवारी १८२३ रोजी नागपूरकडे जाताना आपल्या महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे लॅम्बटन वारले. तेव्हा ते सत्तरीच्या आसपास होते. त्यांची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. याच त्रिकोणांच्या जाळ्यात आपला सह्याद्रीही आला.

कंपनी सरकारने हे काम आपल्या राज्यकारभारासाठी करून घेतले, हे खरे. तरीही मोजमाप प्रामाणिक होते, म्हणून ते पुढे आपल्याही उपयोगी पडले. मुलांनो, काम कोणतेही असो, ते अचूक करा. अचूक केलेले काम माणसाच्या मागेही टिकते.